संशोधन पद्धती कशी शिकवावी? वर्गात व्याख्या पाठ, गावात कुलपं

बालाघाटची_बाई | १८ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समाजशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, सहावं वर्ष. यंदा एम.ए. पहिल्या सत्राचा संशोधन पद्धतीचा पेपर माझ्याकडे आलाय. नव्या शैक्षणिक धोरणात हा पेपर ४ श्रेयांकांचा आणि सक्तीचा आहे. दुसऱ्या सत्रात त्याच मुलांनी क्षेत्र प्रकल्प करायचा. आधी पद्धत शिका, मग गावात जाऊन वापरा, अशी रचना. मला सल्ला हवाय, म्हणून प्रत्यक्षात काय घडतंय ते सविस्तर लिहिते.

पटावर २२ मुलं, रोज येणारी चौदा-पंधरा. निम्म्याहून जास्त घरांत ऊसतोड आहे. काहींनी स्वतः कोयता धरलाय. 'यादृच्छिक नमुना निवडीचे गुण-दोष' विचारलं की आठ मुद्दे घडाघडा येतात. मग मी म्हटलं, आपापल्या गावातली २० घरं यादृच्छिक पद्धतीनं निवडून आणा. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ओळखीची घेतली तर चालतील ना? यादृच्छिक म्हणजे कुठलीही." मला त्याला चूक म्हणवेना. शब्दच तसा आहे, कानाला 'मनाला येईल ते' असाच लागतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच गावाची मतदार यादी आणली. घरांच्या चिठ्ठ्या केल्या, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकल्या आणि एकेकाला काढायला लावल्या. सहावी चिठ्ठी वाचून तो थांबला. हळूच म्हणाला, "मॅडम, या घरी आम्ही जात नाही." वर्ग गप्प झाला. गावाच्या कुठल्या टोकाचं घर असेल ते सगळ्यांना कळलं होतं. आपली निवड आपल्या हातातून काढून घेणं म्हणजे यादृच्छिक, हे मी फळ्यावर लिहिलं, पण त्याची गरज उरली नव्हती. सहा वर्षांतला माझा सर्वांत चांगला तास तो. मात्र असा तास वर्षात एकच होतो, बाकीचे व्याख्येत जातात.

व्याख्यांचंही एक दुखणं आहे. एका पुस्तकात परिकल्पना, दुसऱ्यात गृहीतकृत्य, तिसऱ्यात अभ्युपगम, आणि जुन्या नोट्समध्ये गृहीतक. मुलांना वाटतं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत एकीनं 'गृहीतक व परिकल्पना यांतील साम्य' असं स्वतःच शीर्षक देऊन पानभर लिहिलं होतं. 'गृहीतक' म्हणजे आपण मानून चाललेली गोष्ट. परिकल्पना (तीच गृहीतकृत्य, तीच अभ्युपगम) तर तपासायची असते, खोटी ठरू शकते. हा फरक शब्दांच्या गर्दीत हरवतो.

आता खरी अडचण. मुलांनी प्रश्नावली तयार केली आणि मी सांगितलं, पहिल्यांदा आपल्या आईला विचारून या. एका मुलीनं भरून आणलेला कागद माझ्याकडे आहे. 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न' समोर रिकामं. आई म्हणाली होती, "मासिक कुठलं गं? उचल घेतली की ती फिटेस्तोवर तोडायचं." हंगामाआधी मुकादमाकडून एकरकमी घेतलेले पैसे पुढे महिनोन्‌महिने अंगमेहनतीनं फेडायचे, त्याला महिन्याचं उत्पन्न म्हणायचं की कर्ज? आमच्या कागदावर दोन्ही रकाने होते आणि उचल दोन्हींत बसत नव्हती.

त्याखालचा प्रश्न होता 'कमावत्या व्यक्तींची संख्या'. आईनं सांगितलं, "एक कोयता." मुलीनं लिहिलं, १.

बाहेरच्यांसाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. त्या मुलीची आई वीस वर्षं ऊस तोडतेय, मोळ्या बांधतेय, डोक्यावरून गाडीत भरतेय. स्वतःच्या लेकीनं भरलेल्या कागदावर ती कमावती नाही. मुलीला दाखवलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कागद परत मागत होती, खाडाखोड करायला. मी दिला नाही. म्हटलं, हा कागद असाच ठेवायचा, आपल्याला यावरूनच शिकायचंय.

आणि गेल्या वर्षीची गोष्ट. त्या तुकडीच्या क्षेत्र प्रकल्पाची मी मार्गदर्शक होते. विषय स्थलांतर, महिना फेब्रुवारी. दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. निवडलेल्या ६० घरांपैकी जवळजवळ निम्म्यांना कुलूप होतं. मुलांनी शेजारची उघडी घरं घेऊन आकडा पूर्ण केला. उघड्या घरांत म्हातारी माणसं, दुकानदार, नोकरदार. निष्कर्ष निघाला की गावातली बहुसंख्य कुटुंबं स्थलांतर करत नाहीत. तो अहवाल मी वाचला आणि त्यावर सही केली. उन्हाळ्यात ते गाव भरलेलं पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून मन खातंय.

माझे प्रश्न: पहिल्या सत्रातच मुलांना गावात कसं न्यावं? प्रश्न लोकांच्या बोलीत कसे घडवायला शिकवावेत? आणि कुलपांचं काय करायचं? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावं ही विनंती.

जुना_अन्वेषक | २० ऑगस्ट

बाई, सरकारी नमुना सर्वेक्षणात मी ३१ वर्षं अन्वेषक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती भरून आणणारा, होतो. पदवी गणिताची, समाजशास्त्राचा अभ्यास नाही. जे शिकलो ते लोकांच्या ओट्यावर. तेवढंच सांगतो.

पहिलं कुलपाचं. कुलूप हे उत्तर आहे. आमच्यात निवडलेलं घर सुटलं तर का सुटलं याचं कारण अनुसूचीवर (आम्ही स्वतः विचारून भरायचो त्या प्रश्नांच्या कागदावर) लिहावं लागायचं: बंद, नकार, माहिती देणारं कोणी नाही. बदली घर घेतलं तरी पहिल्या घराची नोंद राहायची. तुमच्या मुलांनी शेजारचं घर घेतलं, त्याहून मोठी चूक म्हणजे कुलूप कुठं लिहिलं नाही. तीस कुलपांची यादी केली असती, शेजाऱ्याला 'कुठं गेले, कधी येणार' एवढं विचारलं असतं, तरी स्थलांतराचा निम्मा अभ्यास तिथंच झाला असता.

दुसरं, कुटुंब म्हणजे काय. जनगणनेत असो की नमुना पाहणीत, व्याख्येचा गाभा एकच आहे: एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. मराठीत याला आयता शब्द आहे, चूल. 'तुमच्या कुटुंबात किती सदस्य' विचारलं की सासऱ्यापासून मुंबईच्या दिरापर्यंत सगळे मोजले जातात. 'या चुलीवर किती जण जेवतात' विचारलं की बाईमाणूस बोटांवर मोजून बरोबर आकडा सांगते. जनगणनेच्या व्याख्येत कामाच्या निकडीमुळे बाहेर असलेल्यांना सूटही आहे. तुमच्या ऊसतोडीवाल्यांसाठी ती ओळ वर्गात दहा वेळा वाचून घ्या.

तिसरं, काळ. 'गेल्या सात दिवसांत' असं कुणी आयुष्य मोजत नाही. मी म्हणायचो, "मागच्या बाजारापासून या बाजारापर्यंत." आठवडी बाजाराचा दिवस माणसाच्या हाडात असतो. महिन्याला अमावास्या. वयाला तर कागद कामाचाच नाही, सगळे पन्नास, साठ, सत्तर सांगतात. मी घटना विचारायचो. तुमच्याकडे पोलीस ॲक्शन, म्हणजे १९४८. मग बहात्तरचा दुष्काळ. मग किल्लारीचा भूकंप, १९९३. "दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का? तेव्हा लग्न झालं होतं का?" एवढ्यावर वय दोन-तीन वर्षांच्या फरकानं बसतं. तुमच्या मुलांना आजीबरोबर बसून गावाची अशी घटनांची यादी करायला सांगा. पहिल्या सत्रात होण्यासारखं काम आहे आणि कुलूप लागण्याच्या आधीचं आहे.

प्रश्नाचा शब्द बदलला की देशाचा आकडा बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. राष्ट्रीय नमुना पाहणीची ५५वी फेरी, जुलै १९९९ ते जून २०००. त्याआधी छोट्या फेऱ्यांत प्रयोग झाला होता: काही घरांना अन्नाचा खर्च ३० दिवसांचा विचारायचा, काहींना ७ दिवसांचा. सात दिवसांवाल्यांचा खर्च जास्त निघाला, बहुधा लांबच्या काळातलं माणूस विसरतं म्हणून. ५५व्या फेरीत दोन्ही रकाने एकाच कागदावर शेजारी शेजारी आले. मी घरच्या बाईला आधी सात दिवसांचं तेल विचारायचो, लगेच महिन्याचं. ती मनातल्या मनात चारनं गुणून सांगायची. तिचंही बरोबर, नुकतंच एक उत्तर दिलंय तर दुसरं त्याला जुळायला हवं असं कुणालाही वाटेल. पुढं गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली असं जाहीर झालं आणि अर्थतज्ज्ञांत मोठा वाद पेटला, की यातली खरी घट किती आणि दोन रकाने शेजारी ठेवल्याची किती. वर्तमानपत्रात तो वाद वाचताना मला त्या बाईची तेलाची बरणी आठवायची.

वर्गासाठी एक प्रयोग देतो. अर्ध्या मुलांनी अर्ध्या वर्गाला 'गेल्या सात दिवसांत चहावर किती खर्च केला' विचारावं, उरलेल्यांना 'गेल्या तीस दिवसांत'. सात दिवसांचा आकडा चारनं गुणून दोन्ही फळ्यावर मांडा. एक तास पुरतो.

आकडेमोड | २१ ऑगस्ट

मी संख्याशास्त्र शिकवतो. वरचं सगळं पटलं, पण एक गोष्ट आग्रहानं मांडतो. व्याख्या टाकून देऊ नका. ही मुलं उद्या सेट-नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना, बसणार. पहिल्या पेपरात संशोधन अभियोग्यता असते. प्रश्नावली आणि अनुसूची यांतला फरक त्यांना यायलाच हवा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी महागडे क्लास लावण्याची ऐपत त्यांच्याकडे नाही. वर्गातच मिळालं पाहिजे. बाईंच्या हातात असलेला तो 'कोयता' लिहिलेला कागद वैधता (जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का) शिकवायला उत्तम आहे. आधी तो दाखवा, मग व्याख्या द्या, पण द्या.

आणि ३८४ या आकड्याबद्दल बोलायलाच हवं. राज्यात कुठलाही प्रबंध उघडा, नमुना ३८४. मुलांना वाटतं हा नियम आहे. तो कुठून येतो ते एकदा फळ्यावर करून दाखवा: १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा) चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५ (निम्मे हो, निम्मे नाही असं धरून), भागिले ०.०५ (चालणारी चूक, ५ टक्के) चा वर्ग. उत्तर ३८४.१६. यात धरलेलं असतं की प्रत्येक घर चिठ्ठीनं, एकमेकांपासून स्वतंत्र निवडलंय. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये फॉर्म फिरवून ३८४ उत्तरं आली तर या गणिताचा त्यांच्याशी काही संबंध उरत नाही.

गावात जाऊनही पेच आहेच. समजा १६ गावं घेतली, प्रत्येकी २४ घरं, एकूण ३८४. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात: तेच पाणी, तोच मुकादम, तोच कारखाना. त्यांच्यातलं हे साम्य ०.१ इतकं धरलं (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे तंतोतंत), तर नमुन्याची ताकद १ + २३ × ०.१ (२३ म्हणजे एका गावातली २४ घरं वजा १), म्हणजे ३.३ पटीनं घटते. ३८४ घरं हिंडून माहिती मिळते साधारण ११६ घरांची. म्हणून गावं जास्त, प्रत्येक गावात घरं कमी. तुमची बावीस मुलं बावीस गावांतून येत असतील तर बसभाड्याशिवायच उत्तम रचना तुमच्या हातात आहे.

तिफण | २४ ऑगस्ट

मॅडम, तुमच्या त्या विद्यार्थिनीबद्दल वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. माझे आईवडील अजून तोडीला जातात. मी पुण्यात पीएच.डी. करते. मला प्रश्न विचारण्याची पद्धत शिकण्याआधी विचारलं जाणं काय असतं ते माहीत होतं, म्हणून लिहितेय.

मी नववीत असताना कोपीवर, म्हणजे तोडीच्या मुक्कामावरच्या झोपडीवर, दोघंजण पाहणीला आले होते. चांगली माणसं होती, आम्हाला बिस्किटं दिली. त्यांनी वडिलांना उचल किती, मजुरी वेळेवर मिळते का, मारहाण होते का असं विचारलं. मुकादम तिथंच टायरगाडीला टेकून उभा होता. वडील म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. त्या दोघांनी ते लिहून घेतलं. आईला कुणी विचारलंच नाही, ती चुलीपाशी होती आणि पाठ करून बसली होती. आज कुठल्या तरी अहवालात आमचं घर 'समाधानी' म्हणून मोजलं गेलेलं असेल.

त्यामुळे माझ्या मते वर्गात प्रश्न काय विचारायचा याच्या बरोबरीनं कुठं, केव्हा आणि कुणासमोर विचारायचा हे शिकवा. माझ्या प्रबंधात बायकांच्या मुलाखती मी कपडे धुताना, पाण्याला जाताना घेतल्या. वही काढलीच नाही. रात्री कोपीत परतल्यावर बॅटरीच्या उजेडात लिहायचे. ते टिपण त्याच रात्री झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी लिहिलं की त्यांचे शब्द जाऊन माझे येतात, हे मी माझ्याच दोन वह्या शेजारी ठेवून पाहिलंय.

सही हा आणखी एक मुद्दा. संमतीपत्रावर सही घ्यायची असते, ते योग्यच आहे. पण आमच्याकडे कागदावर सही किंवा अंगठा म्हणजे उचलीचा कागद. माझ्या सख्ख्या मावशीनं माझ्या संमतीपत्रावर सही करायला नकार दिला आणि विचारलं, "याच्यात किती लिहिलंय?" मी मार्गदर्शकांशी बोलले आणि तोंडी संमतीची परवानगी घेतली: आधी मी सगळं वाचून दाखवायचं, नको असेल तर कधीही थांबता येईल हे सांगायचं, मग बोलायचं. हे मुलांना पुस्तकातल्या 'संशोधनाची नैतिकता' या प्रकरणातून कळणार नाही. मावशीच्या प्रश्नातून कळेल.

शेवटचं, आणि हे मी कळकळीनं सांगते. २०१९ मध्ये ऊसतोडीतल्या बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या तेव्हापासून बीडच्या गावांत समिती येऊन गेली, पत्रकार येऊन गेले, आमच्यासारखे अभ्यासक अजून येतात. त्याच बायकांनी तेच दुखणं दहा जणांना सांगितलंय. एम.ए.च्या प्रकल्पासाठी कृपा करून तो विषय देऊ नका. विचारायला पाणी आहे, रेशन आहे, लेकरांची शाळा आहे. आणि प्रकल्प झाला की गावात परत जाऊन काय सापडलं ते वाचून दाखवायला लावा. माझ्या गावात आजवर कुणी परत आलेलं नाही.

बालाघाटची_बाई | २५ ऑगस्ट

तिफण, तुझं लिहिलेलं उद्या वर्गात वाचू का? नाव-गाव कुठलंच सांगणार नाही.

तिफण | २५ ऑगस्ट

वाचा मॅडम. मुलींना आवर्जून वाचून दाखवा.

बालाघाटची_बाई | २३ नोव्हेंबर

मधे तीन महिने गेले. कळवायचं राहिलं होतं.

चहाचा प्रयोग केला. तीस दिवसांवाल्यांचा खर्च सात दिवसांवाल्यांपेक्षा चांगलाच कमी निघाला आणि मुलं आपापसांत भांडायला लागली की खरा आकडा कुणाचा. मी उत्तर दिलं नाही. दोन मुलांनी मग आठवडाभर वहीत रोजचा चहा लिहून आणला. कुणी सांगितलं नव्हतं.

घटनांच्या याद्या आल्या. एका गावात बहात्तरच्या दुष्काळाला 'सुकडीचं साल' म्हणतात, कारण तेव्हा कामावर सुकडी वाटली जायची. सुकडी हा शब्द वर्गातल्या निम्म्या मुलांनी पहिल्यांदा ऐकला. आता त्यांच्या अनुसूचीत वयाच्या रकान्याशेजारी गावातल्या पाच-सहा घटना छापलेल्या असतात.

'कमावत्या व्यक्ती' हा प्रश्न काढला. त्या जागी तीन प्रश्न आले: या चुलीवरचे किती कोयते गेल्या हंगामात गेले? त्यात बाया किती, गडी किती? उचल कुणाच्या हातात दिली? शेवटचा प्रश्न त्याच मुलीनं सुचवला, जिनं '१' लिहिलं होतं. जुना कागद आता वर्गात नव्या अनुसूचीशेजारी चिकटवलाय. वैधतेची व्याख्या त्याच्याखाली लिहिलीय, आकडेमोड सरांचं ऐकून.

क्षेत्र प्रकल्प दुसऱ्या सत्राचा असला तरी घरांची यादी आम्ही पहिल्याच सत्रात, दिवाळीच्या आधी केली. पितृपक्षापासून सुरुवात केली, कारण तेव्हा माणसं घरी असतात. १७ गावं झाली, प्रत्येकी २० घरं, सगळी चिठ्ठीनं. जानेवारीत मुलं त्याच घरांवर पुन्हा जाणार. कुलूप असेल तर रकाना तयार आहे: कुठं गेले, कोण कोण गेलं, मागं कोण राहिलं, हे कुणी सांगितलं. पहिल्या भेटीत घेतलेल्या फोन नंबरवर परवानगी असेल तरच फोन करायचा.

बरणीतून ज्याला ती सहावी चिठ्ठी निघाली होती तो त्या घरी गेला. त्यांनी चहा दिला आणि तो प्यायला. घरी काय झालं ते त्यानं मला सांगितलं, ते मी इथं लिहिणार नाही. पण अनुसूची पूर्ण भरून आलीय, अक्षर वळणदार आहे आणि शेरा या रकान्यात त्यानं लिहिलंय: 'यांच्या वस्तीला नळ नाही. मला माहीत नव्हतं.'

अन्वेषक काका, एक शंका राहिलीय. एकाच अंगणात दोन भावांच्या दोन चुली, रेशनकार्ड मात्र एक, आणि म्हातारी आई महिना महिना वाटून जेवते. अशी पाच-सहा घरं निघालीत. एक धरायचं की दोन?

जुना_अन्वेषक | २३ नोव्हेंबर

दोन. रेशनकार्डाचा रकाना वेगळा ठेवा, म्हणजे एका कार्डावर किती चुली हेही मिळेल. म्हातारी भेटीच्या दिवशी ज्या चुलीवर जेवली तिथं मोजा. आणि शेऱ्यात पाळीचा महिना लिहा. जानेवारीत मुलं पुन्हा जातील तेव्हा ती दुसऱ्या घरात असेल.